ऊस दातांनी सोलल्याने दात मजबूत होतात का?

मळेकर
आमच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. आजोबा दातांनी ऊस सोलतायत आणि खाली लिहिलंय, "पेस्ट सोडा, ऊस खा, दात लोखंडी करा." लोक हे पोरांनाही सांगायला लागलेत, म्हणून धागा काढला.

दात कठीण असतात हे खरंच आहे. वरचं आवरण, इनॅमल, शरीरातला सगळ्यात कठीण भाग. वजनाने जवळपास ९६ टक्के खनिज. पण त्यात जिवंत पेशी नसतात. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात. हाड मोडलं तर जुळून येतं, इनॅमलचा टवका उडाला की उडालाच. जोर-बैठकांनी दंड भरतात, तसं दाताचं होत नाही. शिवाय उसाचा रस म्हणजे साखरच.

कऱ्हाडचा शेतकरी
साफ नामंजूर. आमच्या आजोबांनी ऐंशी ओलांडली तरी फडात बसून ऊस सोलायचे. सकाळी बाभळीचं दातवण, दुपारी भाकरी-कांदा, हाताशी भाजके हरभरे. आणि शहरातला माझा पुतण्या सहा वर्षांचा, दोन वेळा पेस्टने घासतो, तरी चार दाढांत सिमेंट भरलंय. याचं उत्तर द्या.

दाढवाली डॉक्टर
दादा, मी रोज हेच बघते, म्हणून सांगते. आजोबांना वाचवलं ते गोड कमी असल्याने आणि भरपूर चावून खाल्ल्याने. चावलं की लाळ सुटते. गोड खाल्लं की तोंडातले जिवाणू आम्ल करतात; पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं खनिज सुटायला लागतं. लाळेला ते निवळायला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. पोर दर तासाला बिस्कीट खात असेल, तर लाळेने सावरायचं कधी?

रात्री दुधाची बाटली तोंडात धरून झोपणारी मुलं आणतात माझ्याकडे. वरचे पुढचे चार दात आधी हिरडीलगत खडूसारखे पांढरे, मग तपकिरी, मग नुसते खुंट. खालचे पुढचे मात्र बहुधा शाबूत, कारण त्यांच्यावर जीभ असते. आई म्हणते, "दुधाचेच आहेत, पडणारच ना!" पण सहाव्या वर्षी मागे येणारी दाढ कायमची असते, तिलाही लोक दुधाचीच समजतात. याचं मला फार वाईट वाटतं.

फ्लोराइडची पेस्ट वापरा; फ्लोराइड म्हणजे इनॅमलला आम्लापुढे टिकायला मदत करणारा क्षार. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी.

पांढरकवडा
फ्लोराइडचं कौतुक आमच्यापुढे नको, ताई. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या कितीतरी गावांत बोअरच्या पाण्यातच ते जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमची मर्यादा, दुसरी सोयच नसेल तर १.५. आमच्या पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत, घासून जात नाहीत. पोरी तोंडावर पदर धरून हसतात. वर पेस्टही तीच घ्यायची?

दाढवाली डॉक्टर
तुमचा राग रास्त आहे. ते पट्टे पडतात दात हिरडीत घडत असताना पोटात गेलेल्या फ्लोराइडने, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत. पेस्ट थुंकायची असते, पाणी पोटात जातं. तुमच्याकडे आधी पाणी बदलायला हवं आणि त्यासाठी पंचायतीला धारेवर धरा. गिळणाऱ्या लहान मुलांची पेस्ट मात्र तिथल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

इस्लामपूरची लेक
जुन्या पद्धतींचं गुणगान चाललंय, तर मिश्रीचंही बोला. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, बोटाने हिरड्यांवर चोळायची. आमच्याकडे बायका दिवसातून चार-चार वेळा लावतात. दाढ दुखायची थांबते म्हणून सुरू होतं, मग सुटत नाही. सरकारने १९९२ मध्ये पेस्ट आणि मंजनात तंबाखू घालायला बंदी केली, पण घरच्या तव्याला कोण अडवणार?

कऱ्हाडचा शेतकरी
मिश्रीला माझाही विरोधच आहे, आमच्या घरात ती बंद केली. पण बाभळीची काडी मी सोडणार नाही. नीट चावून कुंचा केला तर दात स्वच्छ निघतात.

दाढवाली डॉक्टर
काडी चालेल, हिरडी सोलवटू नका. रात्री झोपताना तेवढी पेस्ट लावा, कारण झोपेत लाळ कमी होते.

मळेकर
आणि ऊस?

कऱ्हाडचा शेतकरी
पोरांना कोयत्याने सोलून गंडेऱ्या करून देईन, वर चूळ भरायला लावीन. माझा मी दातांनीच सोलणार.