स्वतःच्या लेखनावर कात्री चालवल्याने ते सुधारते का?

धागाकर्ता
लेख पूर्ण झाल्यावर त्यातला निदान पाचवा हिस्सा काढून टाकल्याशिवाय तो कोणालाही वाचायला देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या खर्ड्यात आपण स्वतःच विषय चाचपत असतो, त्यामुळे सुरुवातीचे एक-दोन परिच्छेद बहुधा आपल्याला लिहिते करण्यापुरतेच उपयोगी असतात आणि वाचकाला त्यांची गरज नसते. वाक्यांचेही तेच. ‘समितीकडून या प्रस्तावाबाबत विचार करण्यात आला’ याऐवजी ‘समितीने प्रस्तावावर विचार केला’ असे लिहिले की शब्द कमी होतात आणि कर्ता समोर येतो. फ्रेंच विचारवंत पास्कालने १६५६ सालच्या एका पत्रात कबूल केले होते की, ते आखूड करायला सवड मिळाली नाही म्हणूनच ते लांबले. आटोपशीर लिहायला वेळ लागतो, आणि तो वेळ देणे हे मी लेखकाचे कर्तव्य मानतो.

प्रतिसाद १
आपल्या वाक्याच्या उदाहरणाशी मी सहमत आहे, पण ‘पाचवा हिस्सा’ या मापाला माझा विरोध आहे. अमेरिकी कथाकार रेमंड कार्व्हर यांच्या १९८१ सालच्या कथासंग्रहात संपादक गॉर्डन लिश यांनी काही कथा निम्म्याहून अधिक छाटल्या होत्या, आणि प्रकाशन थांबवावे अशी विनवणी कार्व्हर यांनी त्यांना आधीच्या वर्षी पत्राने केली होती. वाढदिवसाच्या दिवशी अपघात झालेल्या मुलाची त्यातली कथा एका फोनपाशी तुटते आणि मुलाचे पुढे काय झाले हे कळतच नाही. हीच कथा कार्व्हर यांनी १९८३ च्या संग्रहात विस्ताराने दिली, तेव्हा मूल गेल्यानंतर त्याचे आईवडील ज्याच्यावर संतापलेले असतात त्या बेकरीवाल्याजवळच पहाटेपर्यंत बसून राहतात. ती रात्र कथेत नसेल, तर उरते ते केवळ भय. करुणा उरत नाही. हा पाल्हाळ होता, असे आपण म्हणाल का?

प्रतिसाद २
वैचारिक लेखनातही हे घडते. शब्दमर्यादेत बसवण्यासाठी मी एकदा माझ्या लेखातली उदाहरणे काढली आणि निष्कर्ष तेवढे ठेवले. तो वाचून एका स्नेह्यांनी सांगितले की, मत कळले, पण पटले नाही. विषयात नव्याने शिरणाऱ्याला उदाहरणाचाच आधार असतो आणि घाईने छाटणारा नेमका त्यालाच प्रथम हात घालतो.

धागाकर्ता
प्रतिसाद १ मधली ती कथा पाल्हाळ नव्हती, हे मी मान्य करतो. मात्र तिथे कात्री दुसऱ्याच्या हातात होती आणि लेखकाची संमती नव्हती. कवी टी. एस. एलियट यांच्या १९२२ सालच्या दीर्घकवितेतूनही त्यांचे कवीमित्र एझरा पाउंड यांनी मोठा भाग वगळायला लावला. परंतु एलियट यांनी त्यातले बहुतेक बदल स्वतः पारखून स्वीकारले आणि पुढे ती कविता पाउंड यांनाच अर्पण केली. १९७१ मध्ये मूळ खर्डे छापले गेले, तेव्हा काय गळले ते सर्वांना पाहता आले, आणि ते वाचून मला तरी ती छाटणी योग्यच वाटते.

उदाहरणांबाबत मात्र मला माझे म्हणणे बदलावे लागेल. काढायचे असते ते उदाहरणानंतर येणारे स्पष्टीकरण, ज्यात आपण वाचकाला आधीच समजलेली गोष्ट पुन्हा समजावतो. पाचव्या हिश्श्याचा आग्रह मी सोडतो. यापुढे प्रत्येक परिच्छेद झाकून उरलेला लेख वाचेन आणि काही अडत नसेल तरच तो परिच्छेद काढेन.

प्रतिसाद १
ही कसोटी मला मान्य आहे. फक्त ती लेख लिहिला त्याच दिवशी लावू नये, कारण तेव्हा झाकलेला परिच्छेदही आपल्याला पाठ असतो.