१४ कोअर खरे, पण काम कसलं ते बघा की

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की जुना झिऑन ई५-२६८० व्ही४ (इंटेलचा सर्व्हरचा प्रोसेसर) स्वस्तात मिळतोय, १४ कोअर आहेत, म्हणजे एकाच वेळी काम करणारे १४ भाग, म्हणजे आय५ लॅपटॉपला कधीबी भारी. निम्मं पटतंय. उद्यमनगरात आमच्या पॅटर्नशॉपमध्ये (ओतकामाचे नमुने बनवायचं वर्कशॉप) दोन्ही शेजारी शेजारी आहेत. कास्टिंगचं सिम्युलेशन लावलं की झिऑन सगळे कोअर जुंपून निवांत चालतोय, लॅपटॉप मात्र थोड्या वेळात तापून स्पीड पाडतो, तिथं विषयच नाही. पण थ्रीडी मॉडेलमध्ये एखादा फिलेट (गोलाई दिलेला कोपरा) बदलून रिबिल्ड मारा, म्हणजे मॉडेल परत बनवायला लावा, ते काम बहुतेक एकाच कोअरवर चालतं आणि तिथं २०१६ चा झिऑन टर्बोला (गरजेला आपोआप वाढणारा स्पीड) जास्तीत जास्त ३.३ गिगाहर्ट्झ जातोय, लॅपटॉपमधला आय५-१२४०पी ४.४ पर्यंत, शिवाय नवीन कोअर तेवढ्याच क्लॉकमध्ये कामबी जास्त उरकतोय.

आणि अजून कुणी बोललं नाही म्हणून सांगतो भावांनो, त्या झिऑनमध्ये ग्राफिक्सच नसतंय. असेंबल करताना वेगळं कार्ड धरूनच हिशेब करा, नाहीतर सगळं जोडून स्क्रीन काळीच. टीडीपी (जोरात चालताना प्रोसेसर साधारण किती वॉट खातो तो आकडा) पण १२० वॉट, त्यामुळं यूपीएस दणकट लागतो. लाईट गेली की लॅपटॉपवाला आपला बॅटरीवर ड्रॉइंग करत बसलेला असतोय.