पत्ते खेळताना सापडलो होतो, ३०० रुपये दंड भरला. आता नोकरीच्या फॉर्मवर काय लिहू?

सत्तरफुटी:
नमस्कार मंडळी. सोलापूर, पूर्व भाग. घरी टॉवेलचे चार माग, वडील अजून त्यावरच उभे. मागच्या महिन्यात एका सरकारी खात्याच्या लिपिक-टंकलेखक यादीत माझं नाव लागलं. आईनं गल्लीभर पेढे वाटले. आणि परवा साक्षांकन नमुना, म्हणजे नेमणुकीआधीच्या पोलीस पडताळणीचा फॉर्म, हातात पडला.

त्यात एक रकाना आहे. कधी अटक झाली का, खटला चालला का, कोर्टानं दोषी ठरवलं का, दंड केला का. खाली ठळक अक्षरात लिहिलंय, माहिती खोटी निघाली तर नेमणूक रद्द. तिथंच पेन थांबलंय.

झालं असं. २०१९ ची गटारी, मी २० वर्षांचा. माग बंद होते. मैदानाच्या कडेला लिंबाखाली आम्ही पाच जण तीन पत्ती खेळत बसलेलो, दहा-वीस रुपयांचा डाव. गाडी आली. दोघं पळाले, तिघं सापडलो. पंचनाम्यात ५२ पत्ते, १,१४० रुपये आणि एक सतरंजी. सतरंजी आजीची होती, ती अजून विचारते.

जुगार कायद्याचं कलम १२ (अ) लागलं. तारखेला गेलो तर कोर्टाबाहेर एक ओळखीचे भेटले. म्हणाले, "कबूल म्हण, दंड भर, जेवायच्या आत घरी." साहेबांनी विचारलं, मी म्हणालो कबूल. कोर्ट उठेपर्यंत कैद आणि ३०० रुपये दंड. संध्याकाळपर्यंत मागच्या बाकावर बसून राहिलो, तेवढीच काय ती कैद. जेवण हुकलंच. घरी आजपर्यंत कुणाला माहीत नाही.

तर ही नोंद पुसता येते का? अर्ज कुठं करायचा? एक जण १२ हजारात "सिस्टीममधून उडवून देतो" म्हणतोय. आणि सरळ "नाही" लिहिलं तर खरंच कळतं का? फॉर्म द्यायला आठ दिवस आहेत. डोकं चालेना झालंय.

कडकभाकरी:
टेन्शन कशाला घेतो बे. "नाही" लिही. माझ्या दोस्तानं तेच केलं, तीन वर्षं झाली, कुत्रं विचारत नाही. ३०० रुपये म्हणजे काय गुन्हा असतो का? हेल्मेटचा दंड मीच पाच वेळा भरलाय.

जुनी फाईल:
कडकभाकरी, पोराला खड्ड्यात घालू नका. हेल्मेटचं चलन ही तडजोड, मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खालची. पैसे भरले की पुढं काही चालतच नाही. इथं पोरानं न्यायाधीशांसमोर कबुली दिली, दोष सिद्ध झाला, शिक्षा झाली. दंडाचा आकडा ३०० असो नाहीतर ३ लाख.

मी फौजदारी कोर्टात २२ वर्षं बेंच क्लार्क होतो. वीस-बावीस वर्षांची पोरं रांगेत उभी राहून "कबूल" म्हणायची. निकाल टाइप होईपर्यंत त्यांचं लक्ष बाहेरच्या मोटारसायकलीकडं. हा शब्द पुढं साक्षांकन नमुन्यात परत भेटणार आहे, हे त्यांना कुणी सांगत नव्हतं. मीही सांगितलं नाही. माझं ते काम नव्हतं, असं तेव्हा वाटायचं.

आता मुद्द्याचं. सज्ञान माणसाला झालेल्या शिक्षेची नोंद अर्ज करून पुसून घ्यायची सोय आपल्या कायद्यात नाही. १८ च्या आत असतास तर बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम २४ कामाला आलं असतं. त्यात अपात्रता लागत नाही आणि कागदही मुदतीनंतर नष्ट करायचे असतात. तुझं दोन वर्षांनी हुकलं. तो १२ हजारवाला तुझे पैसेच तेवढे उडवेल.

पण वय २० म्हणालास म्हणून सांगतो. परिवीक्षा कायदा म्हणून एक आहे, १९५८ चा. त्याच्या कलम ६ प्रमाणे २१ च्या आतल्या आरोपीला शक्यतो तुरुंगवास द्यायचा नाही, समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायचं. कैद द्यायचीच असेल तर कारण लिहायचं. आणि "कोर्ट उठेपर्यंत" ही कायद्याच्या लेखी कैदच. तुझ्या निकालात वयाचा विचार झालाय का, कारण लिहिलंय का, ते आधी बघ. दुसरं, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २५२ प्रमाणे कबुली होता होईल तो आरोपीच्या शब्दांत उतरवायची असते. नुसता छापील कागद भरलेला असेल तर वकिलाला धरायला एक टोक मिळतं.

कबुली दिल्यावर अपील फक्त शिक्षा किती आणि कायद्याला धरून आहे का, एवढ्यापुरतंच. राहतं रिव्हिजन, म्हणजे खालच्या कोर्टाचा निकाल वरच्या कोर्टाकडून तपासून घेणं, ते इथंच सत्र न्यायालयात होतं. मुदत ९० दिवसांची, म्हणजे विलंब माफीचा अर्ज आला. इतक्या वर्षांचं कारण पटवणं अवघड आहे, खोटी आशा लावत नाही. पटलंच आणि परिवीक्षेचा लाभ मिळाला तर त्याच परिवीक्षा कायद्याच्या कलम १२ मुळे शिक्षेला चिकटलेली अपात्रता जाते. दोषी ठरलास ही गोष्ट कागदावर तशीच राहते. उच्च न्यायालयापर्यंत जायची वेळ आली तर आता सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबई गाठायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून आपला जिल्हा कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडं आहे.

हे सगळं आठ दिवसांत होणारं नव्हे. आठ दिवसांत एकच कर, "होय" लिही. सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल आहे, तीन न्यायमूर्तींचा. खरं सांगितलं तरी नेमायचं की नाही हे खातं ठरवतं. पण कोवळ्या वयातली किरकोळ चूक असेल, जसं घोषणा देणं, तर त्याकडं दुर्लक्ष करता येतं, असं त्यातच म्हटलंय. लपवलंस तर मग पत्ते बाजूला राहतात आणि लबाडीच पुढं येते.

पूर्वभागातली:
काकांचं ऐक. माझ्या भावावर लॉकडाऊनमध्ये कलम १८८, सरकारी आदेश मोडल्याचं, लागलं होतं, दूध आणायला गेलेला. सरकारनं नंतर ते गुन्हे मागं घ्यायचं ठरवलं, बातमी वाचून आम्ही निवांत. पासपोर्टच्या वेळी पोलीस व्हेरिफिकेशनला नाव आलंच! बातमीवर काही होत नसतं, सरकारी वकिलानं कोर्टात अर्ज द्यावा लागतो, कोर्टानं परवानगी द्यावी लागते, आणि त्या आदेशाची नक्कल आपल्या हातात लागते. ती फाईलला लावली तेव्हा काम झालं.

तू पण निकालाची प्रमाणित नक्कल काढ आणि फॉर्मला जोड. वकील परवडत नसेल तर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर मोफत वकील देतात. फोन १५१००.

सत्तरफुटी:
काका, ताई, आभार. पण केस नंबरच माहीत नाही. कागद तेव्हाच फाडून टाकला होता.

जुनी फाईल:
ई-कोर्ट्सच्या साइटवर जिल्हा सोलापूर निवड, नावानं शोध, वर्ष २०१९. "प्रलंबित" नको, "निकाली" निवडायला विसरू नकोस, सगळे तिथंच चुकतात. एस.सी.सी. नंबर, म्हणजे किरकोळ फौजदारी खटल्याचा केस नंबर, मिळेल. तो घेऊन नक्कल विभागात अर्ज दे. उशीर करू नकोस, किरकोळ खटल्यांच्या फाइली काही वर्षांनी नष्ट करतात. गंमत बघ, कोर्टाचा कागद जातो आणि पोलिसांकडची नोंद राहते.

सत्तरफुटी:
सापडलं. तिघांची नावं आहेत. माझ्या आडनावात एक अक्षर चुकलंय.

कडकभाकरी:
मग तो तू नाहीसच की बे! सुटला!

जुनी फाईल:
वडिलांचं नाव, पत्ता, वय सगळं फाईलमध्ये असतं. अक्षर चुकलं म्हणून माणूस बदलत नाही. फॉर्मवर नाव बरोबर लिही आणि सोबत एक ओळ टाक, कोर्टाच्या कागदात आडनाव असं पडलंय.

सत्तरफुटी:
सोमवारी सकाळी नक्कल विभागात जातो. त्याआधी आज रात्री माग बंद झाले की वडिलांना सांगणार आहे, पोलीस चौकशीला घरी आले तर त्यांना बाहेरून कळायला नको. काका, एकच विचारतो. सतरंजीचं काय झालं ते निकालात असतं का?

जुनी फाईल:
असतं. शेवटच्या ओळीत, मुद्देमालाच्या आदेशात. पत्ते नष्ट, रोकड सरकारजमा, हे नेहमीचं. सतरंजीचं वाचून मलाही सांग.