मदत हवी आहे: एसईएलच्या (सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या) तासाला एक मुलगा घाबरतोय

नमस्कार, मी चौथीला शिकवते. यंदापासून आठवड्यातून एकदा एसईएलचा तास घेतोय, भावना ओळखणं, राग आवरणं वगैरे. बाकीची मुलं रमतात, पण एक मुलगा आहे, दार आपटलं की दचकून बाकाखाली वाकतो, आणि परवा सगळ्यांना डोळे मिटून खोल श्वास घ्यायला लावलं तर हा भिंतीला टेकून एकटक दाराकडे बघत बसला, मग 'आज कसं वाटतंय' विचारलं तर रडायलाच लागला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली की त्याला डोळे मिटणं म्हणजे आराम नाही, धोका वाटत असणार. ट्रॉमाबद्दल, म्हणजे मनावरच्या आघाताबद्दल, थोडं वाचलंय, १९९८ चा एसीई अभ्यास (बालपणीच्या वाईट अनुभवांचे पुढे आरोग्यावर होणारे परिणाम), साम्सा या अमेरिकेतल्या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेची ट्रॉमा लक्षात घेऊन वागण्याची २०१४ ची सहा तत्त्वं, पण हे कागदावरचं वर्गात आणायचं कसं? आता डोळे उघडे ठेवायची आणि 'पास' (म्हणजे 'मला आत्ता नको') म्हणायची मुभा दिलीये. मुख्याध्यापक म्हणतात शिस्त बिघडेल (बिघडली नाहीये अजून तरी!). कोणी पूर्ण शाळेत हे राबवलंय का, शिक्षकांचं ट्रेनिंग कुठून सुरू केलं? आणि मुलाने आपणहून काही सांगितलंच तर समुपदेशकाकडे नेईपर्यंत नेमकं काय बोलायचं? मी खोदून विचारत नाहीये, ते तरी बरोबर आहे ना?