मैत्रीण सिरीयस आजारी असताना मुलीनं असलं पुस्तक वाचावं का?

गोदाकाठची_मावशी:
भाची दहावीत, गंगापूर रोडला राहते. तिच्या केजीपासूनच्या मैत्रिणीला ब्लड कॅन्सर निघालाय, ट्रीटमेंट मुंबईत चालूये. घरात त्यावर कुणी बोलतच नाही आणि ही पोरगी गुपचूप द फॉल्ट इन अवर स्टार्स घेऊन आली, कॅन्सर झालेल्या दोन टीनएजर्सची कादंबरी आहे ती. ताई म्हणते बोर्डाचं वर्ष, असलं रडकं नको, काढून घे. मला पटत नाहीये. दुसरं काही बरं असेल तर सुचवा, इंग्लिश मराठी कुठलंही.

पंचवटीकर:
काढून वगैरे घेऊ नका हो. आम्ही रामकुंडाजवळ वाढलो, शाळेत जातायेता दहाव्याची गर्दी, अस्थी घेऊन आलेली माणसं, कुणी आमचे डोळे झाकले नाहीत. आणि श्यामची आई? साने गुरुजींनी १९३३ ला आपल्याच नाशिकच्या जेलात लिहिलं, शेवटी आई जातेच की, तरी ते आपण कौतुकानं पोरांच्या हातात देतो. हां, बेंचवरच्या पोरीचं आजारपण वेगळं, ते मान्य.

रात्रीचा_वाचक:
द फॉल्ट मध्ये लव्हस्टोरीच जास्त, मैत्री म्हणाल तर आयझॅक, ज्याचे डोळे जातात तो, मला तर हिरोपेक्षा तोच आवडला. मैत्रीवर हवं तर ब्रिज टू टेराबिथिया, १९७७ चं. लेखिकेच्या मुलाची मैत्रीण वीज पडून गेली त्यातून आलंय ते, बराचसा भाग नुसता खेळ, चिडवाचिडवी, जंगलातलं राज्य, आणि मग एकदम धक्का. पण आत्ता नका देऊ प्लीज!! मैत्रीण जिवंत आहे, लहान वयातला ब्लड कॅन्सर बऱ्याचदा बरा होतो, हिनं आत्तापासून सुतक कशाला पाळायचं. त्यापेक्षा अ मॉन्स्टर कॉल्स. त्यात आई आजारी आहे, मैत्रीण नाही, पण मुलाच्या मनात एक गोष्ट आहे जी बोलायची त्याला स्वतःचीच लाज वाटते. आजारी माणसाजवळच्या पोरांना हेच खात असतं आणि विचारत कुणी नाही. मूळ कल्पना शिव्होन डाउडची, ती २००७ मध्ये कॅन्सरनं गेली, मग पॅट्रिक नेसनं लिहून २०११ ला आलं. चित्रं पण जबरदस्त आहेत.

कॉलेजरोड_कट्टा:
मी अकरावीत असताना मित्र गेला. तेव्हा अशी दोनतीन वाचली, अर्ध्या पुस्तकांत आजारी पोरगं फक्त हिरोला शहाणं करायला ठेवलेलं असतं, डायलॉग मारतं आणि मरतं. माझा मित्र शेवटपर्यंत आयपीएलवरून भांडत होता यार. मावशी, भाचीला विचारा ती त्यात शोधतेय काय. मला तर एवढंच कळत नव्हतं की भेटायला गेल्यावर बोलायचं काय.

गोदाकाठची_मावशी:
विचारलं. म्हणाली तेच, व्हॉट्सॲपवर काय टाकायचं सुचत नाही म्हणून फक्त रील्स पाठवते आणि मैत्रीण पण रील्सच पाठवते. मी म्हटलं पाठवत रहा की मग. मॉन्स्टर कॉल्स सार्वजनिक वाचनालयात विचारते नाहीतर ऑनलाइन मागवते. ताईला श्यामची आईचं बोलले तर म्हणे "ते वेगळं". का वेगळं ते काय सांगेना.