मदत हवी आहे: बायोडायनॅमिक द्राक्षबागेत डाऊनी (केवडा रोग) आवरेना

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात दीड एकर शिराझ द्राक्षं आहेत, वाईनसाठीच. तीन वर्षं बाग बायोडायनॅमिक, म्हणजे एका खास पद्धतीच्या सेंद्रिय शेतीची आहे. गायीच्या शिंगात शेण भरून पुरतो म्हणून शेजारी हसतात, ते असो.

यंदा गोडी (फळासाठीच्या) छाटणीनंतर पावसाने धरलं ते सोडेचना. पानांवर तेलकट पिवळे डाग, उलटून पाहिलं तर पांढरी बुरशी. काल दोन कोवळे घड हातात घेतले तर तपकिरी होऊन आकड्यासारखे वळलेले. पोटात गोळाच आला.

अर्धा टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारतोय. एकरी २०० लिटर पाणी, १ किलो मोरचूद, म्हणजे २५० ग्रॅम तांबं. बायोडायनॅमिक प्रमाणपत्र देणाऱ्या डिमिटरची तांब्याची मर्यादा वर्षाला सरासरी हेक्टरी ३ किलो, एकरी १.२. चार फवारण्यांत १ किलो तांबं संपलं, फुलोरा अजून पुढेच!

बुरशीवर काढ्यासाठी वापरतात ती हॉर्सटेल वनस्पती इथे मिळत नाही, म्हणून सुरूच्या पानांचा काढा कोणी वापरलाय का? प्रमाण किती, किती दिवसांनी? बॅसिलस (बुरशीवर मारायचे उपयुक्त जिवाणू) मारायचं तर बोर्डोनंतर किती अंतर ठेवता? 'एकदा आंतरप्रवाही रासायनिक बुरशीनाशक मारून मोकळे व्हा' हा सल्ला मात्र नको, तो घरातूनच रोज मिळतोय.