चंद्रपूरच्या वीज केंद्राला सल्फर डायऑक्साइडचे मानक लागू राहणार का, आणि त्याने आरोग्यात फरक पडेल का?

इरईकाठ (प्रश्न)

मी चंद्रपूर शहरात राहते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१५ रोजी कोळशावरील वीज केंद्रांसाठी धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पारा यांची मानके ठरवून दिली, आणि जुन्या केंद्रांना ती पाळण्यासाठी दोन वर्षांचा अवधी दिला. सल्फर डायऑक्साइडच्या बाबतीत ही मुदत पुढे अनेकदा वाढवण्यात आली आणि अखेर ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातील बहुतेक केंद्रांना त्या मानकातून सूट मिळाली. चंद्रपूरचे केंद्र या सुटीत मोडते का, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हवेतील सल्फर डायऑक्साइड मर्यादेतच आहे, असे सरकारचे म्हणणे आहे. ते खरे असेल, तर धुराड्यावर मर्यादा घातल्याने लोकांचे आरोग्य सुधारेल असे कोणत्या आधारावर म्हणायचे? आमच्या भागातील नागरिकांच्या बैठकीत हा विषय मांडायचा असल्याने पुराव्यानिशी उत्तरे मिळाल्यास आभारी राहीन.

बॉयलरपाळी

औष्णिक वीजनिर्मितीच्या क्षेत्रात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून आधी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. दिल्ली राजधानी क्षेत्रापासून किंवा २०११ च्या जनगणनेनुसार दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत असलेली केंद्रे ‘अ’ गटात येतात. त्यांना डिसेंबर २०२७ पर्यंत मानक पाळावेच लागेल. अतिप्रदूषित क्षेत्रे, तसेच हवेच्या राष्ट्रीय मानकांत न बसणारी शहरे यांच्यापासून दहा किलोमीटरच्या आतील केंद्रे ‘ब’ गटात आहेत. उरलेली, म्हणजे सुमारे ७८ टक्के, ‘क’ गटात जातात आणि धुराड्याच्या उंचीची अट पूर्ण केल्यास त्यांना सूट मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला ८३.८८ गुण होते आणि ७० च्या वर गेलेले क्षेत्र अतिप्रदूषित मानले गेले. शिवाय मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीतही चंद्रपूर आहे. त्यामुळे आपले केंद्र ‘ब’ गटाचे ठरते. या गटाला सरसकट सूटही नाही आणि सरसकट सक्तीही नाही. तज्ज्ञ समितीने प्रत्येक केंद्राचा स्वतंत्र विचार करायचा आहे.

सूट देण्यामागची कारणेही नीट समजून घ्यावीत. भारतीय कोळशात राख भरपूर असली तरी गंधक कमी असते, साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. धुरातील सल्फर डायऑक्साइड काढण्यासाठी धूर पाण्यात कालवलेल्या चुनखडीतून न्यावा लागतो. या प्रक्रियेत जिप्सम तयार होते, पाणी खर्ची पडते, केंद्राची थोडी वीज त्यातच जाते आणि चुनखडीतून कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडतो. यंत्रणेचा खर्च अखेर वीजदरात उतरतो. माझे स्पष्ट मत असे, की चंद्रपूरकरांना आज सर्वाधिक जाच राखेचा आणि कोळशाच्या धुळीचा आहे. पैसा मर्यादित असेल, तर धुरातील राख पकडणारी विद्युत यंत्रणा चोख चालवणे, राखेचे तलाव ओले ठेवणे आणि खाणीतून येणारे कोळशाचे ट्रक झाकणे ही कामे आधी व्हावीत.

फुप्फुसतज्ज्ञ

राखेबाबत बॉयलरपाळी यांच्याशी मी सहमत आहे, पण क्रम लावण्याच्या पद्धतीशी नाही, आणि त्याचे कारण आपल्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

हवेतील सल्फर डायऑक्साइड मर्यादेत आहे, हे विधान खरे असूनही अपुरे आहे. धुराड्यातून निघालेला हा वायू काही तासांपासून काही दिवसांत हवेतील अमोनिया आणि बाष्पाच्या संगतीने सल्फेटचे कण बनतो, आणि हे कण अडीच मायक्रोमीटरहून लहान, म्हणजे फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचणारे असतात. दोनशे मीटरहून उंच धुराडे जवळच्या गावाला थोडेफार वाचवते. पण तेवढ्याने प्रदूषण नाहीसे होत नाही, ते शेकडो किलोमीटर दूर जाऊन दुसऱ्यांच्या श्वासात उतरते. केंद्राच्या परिसरात वायू मोजायचा, तो कमी आढळला म्हणून मानक अनावश्यक ठरवायचे, आणि त्याच वायूपासून झालेले कण दुसऱ्या शहराच्या ‘धुळी’त मोजायचे, ही पद्धत मला वैद्यकीयदृष्ट्या मान्य होण्यासारखी नाही. सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा आपल्या देशात घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ असावी अशी शिफारस केली. आपली मर्यादा पाळली गेली तरी अपाय टळतोच असे नाही, हे यावरून ध्यानात यावे.

आता पुराव्याकडे वळू. एखाद्या रुग्णाचा दमा अमुक धुराड्यामुळे झाला, असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर सांगू शकणार नाही. ते लोकसंख्येच्या पातळीवरच तपासता येते. अमेरिकेतील युटा खोऱ्यात १९८६-८७ मध्ये एक पोलाद कारखाना सुमारे वर्षभर बंद होता. तो चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनविकारांसाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांची संख्या बंद काळातील हिवाळ्याच्या दुप्पट ते तिप्पट होती. हा कारखाना कायद्यामुळे बंद पडला नव्हता, पण स्रोत थांबला की काय घडते हे त्यातून दिसले. कायद्याचे थेट उदाहरण आयर्लंडमधील डब्लिनचे आहे. तेथे १९९० मध्ये धूर करणाऱ्या दगडी कोळशाच्या विक्रीवर बंदी आली. पहिल्या अभ्यासात श्वसनविकाराच्या आणि हृदयविकाराच्या अशा दोन्ही मृत्यूंत घट आढळली. पुढे अधिक काटेकोर फेरतपासणीत श्वसनविकाराचा निष्कर्ष टिकला, मात्र हृदयविकाराची घट मुख्यतः आधीपासून चालत आलेल्या कलाचा भाग ठरली. बैठकीत हे उदाहरण देणार असाल तर कृपया दोन्ही भाग सांगा; अर्धाच भाग सांगितला, तर पहिल्याच जाणकार प्रश्नाला उत्तर उरणार नाही.

चिकूबाग, डहाणू

महाराष्ट्रातलेच एक उदाहरण येथे नोंदवले पाहिजे. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर झाला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. त्या प्राधिकरणाच्या आग्रहामुळे येथील ५०० मेगावॉटच्या केंद्रात गंधक काढणारी यंत्रणा २००७ मध्ये सुरू झाली, म्हणजे देशव्यापी मानक येण्याच्या कितीतरी आधी. येथे त्यासाठी समुद्राचे पाणी वापरता येते आणि ती सोय चंद्रपूरला नाही, हे मान्य. परंतु नियम कागदावर असण्याइतकेच त्यामागे वर्षानुवर्षे ठाण मांडून बसणारी, सुनावण्या घेणारी आणि स्थानिकांचे ऐकून घेणारी यंत्रणा असणेही आवश्यक असते, हे आम्ही येथे पाहिले आहे. ‘ब’ गटाचा निर्णय करणाऱ्या समितीपुढे चंद्रपूरच्या लोकांचे म्हणणे कोणत्या मार्गाने पोहोचणार, याची चौकशी आपण आधी करावी.

इरईकाठ

सर्वांचे मनापासून आभार. एक उपप्रश्न आहे. केंद्राने मानक मोडले तर आज दंड काय होतो?

कलमवाचक

जनविश्वास कायदा, २०२३ नंतर हवा कायदा, १९८१ आणि पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ यांतील बहुतेक उल्लंघनांसाठीची तुरुंगवासाची तरतूद जाऊन तेथे दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा आर्थिक दंड आला. चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. एवढ्या मोठ्या आस्थापनेला या रकमेची जरब बसेल असे मला वाटत नाही. म्हणून दंडाऐवजी संमतीपत्रावर, म्हणजे केंद्र चालवण्यासाठी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ देते त्या परवानगीवर, लक्ष केंद्रित करावे. राज्य मंडळाचे संमतीपत्र ठरावीक मुदतीचे आणि सशर्त असते, व अटी मोडल्यास मंडळ ते नाकारू किंवा रद्द करू शकते. सध्याचे संमतीपत्र आणि धुराड्यावरील अखंड मापन यंत्रणेच्या गेल्या वर्षभराच्या नोंदी माहितीच्या अधिकारात मागवा. ५०० मेगावॉटच्या पाचही संचांना २०१५ च्या मानकानुसार सल्फर डायऑक्साइडसाठी प्रति घनमीटर २०० मिलिग्रॅमची, तर २१० मेगावॉटच्या दोन संचांना ६०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. नोंदी संचनिहाय मागितल्या तरच त्या या आकड्यांशी ताडून पाहता येतील. अर्जात ‘ब’ गटाच्या निर्णयासाठी केंद्राने सादर केलेली कागदपत्रेही मागा, कारण समितीपुढे काय मांडले गेले हे हाती आल्याशिवाय त्याला उत्तर देता येणार नाही.